अकरा महिन्यांचे नागरिक

जुलै-ऑगस्टमध्ये दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशयाद्या लागल्या, की उत्तर दिल्लीतल्या कमलानगर, विजयनगर, मुखर्जीनगर या वस्त्यांतील गल्ल्या एकाएकी भरून जातात. विजेच्या खांबांवर ‘टू-लेट’च्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवल्या जातात. इम्फाळ, दरभंगा, मलप्पुरम, नांदेड अशा ठिकाणांहून आलेले आईबाप मुलामुलींना घेऊन दलालामागून जिने चढत-उतरत असतात. खोली पसंत करायला मिळतो अर्धा तास. त्यानंतर एका महिन्याचे भाडे, एक-दोन महिन्यांची अनामत आणि दलालाची दलाली, जी बहुधा अर्ध्या किंवा पूर्ण महिन्याच्या भाड्याएवढी असते, एवढी रक्कम जागच्या जागी मोजावी लागते. पावती क्वचितच मिळते. कागद झालाच तर तो अकरा महिन्यांचा असतो. पुण्याची सदाशिव पेठ, हैदराबादचे अशोकनगर, इंदूरचा भंवरकुआँ, प्रयागराजचे सलोरी, पाटण्याचे मुसल्लहपूर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच घडते.

उच्च शिक्षणावरील चर्चेत प्रवेशपरीक्षा, शुल्क, आरक्षण, अभ्यासक्रम, प्राध्यापकांच्या रिक्त जागा असे सारे विषय येतात. विद्यार्थी राहणार कोठे, हा प्रश्न मात्र घरगुती बाब म्हणून सोडून दिला जातो. वास्तविक देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाखांच्या घरात गेली होती, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत पटनोंदणीचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. सामायिक प्रवेशपरीक्षेमुळे २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची दारे देशभरातल्या विद्यार्थ्यांना अधिक सुलभपणे खुली झाली, हे स्वागतार्हच आहे. पण दिल्ली विद्यापीठाच्या सुमारे नव्वद महाविद्यालयांपैकी बहुतेकांना स्वतःचे वसतिगृह नाही. विद्यार्थ्यांना दूरदूरच्या गावांहून बोलावून घ्यायचे आणि त्यांच्या निवाऱ्याचे ओझे मात्र शेजारच्या गल्लीतल्या दलालावर टाकायचे, असा हा कारभार आहे.

निर्वासितांच्या घरांत नवे निर्वासित

ज्या वस्त्यांत हे विद्यार्थी राहतात त्यांचा इतिहास पाहण्याजोगा आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांची दिल्लीतील सर्वांत मोठी छावणी किंग्जवे कॅम्प येथे होती. आजचे विजयनगर, हडसन लाइन, आउट्रम लाइन हा सारा परिसर त्या छावणीच्या आसपासचा. ओल्ड राजेंद्रनगर ही वसाहतही पुनर्वसनासाठीच वसवलेली. लहान भूखंड, त्यावर एकमजली घर, मागे छोटेसे अंगण, अशी त्यांची मूळ रचना होती. सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबांना सरकारने डोक्यावर छप्पर दिले, आणि त्या कुटुंबांनी कष्टाने त्या छपरावर मजले चढवले. नातवंडांच्या काळात त्या मजल्यांच्या खोल्या झाल्या आणि खोल्यांच्या मध्ये प्लायवूडचे पडदे उभे राहून अर्ध्या-अर्ध्या खोल्या झाल्या. आज ओल्ड राजेंद्रनगरमध्ये एक खाट, एक टेबल आणि एक कपाट मावेल एवढ्या जागेचे भाडे महिन्याला दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते.

यात घरमालकाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. अनेक घरांत निवृत्तिवेतनाव्यतिरिक्त उत्पन्नाचे साधन म्हणून ही एवढी खोलीच असते. भाडेकरू घर सोडणार नाही, ही त्यांची भीती निराधार नाही. मागच्या पिढीत ती प्रत्यक्षात उतरलेली त्यांनी पाहिली आहे. खोली रिकामी करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालणारी म्हातारी माणसे दिल्लीच्या प्रत्येक जुन्या मोहल्ल्यात भेटतात. तेव्हा या व्यवहारात एक बाजू दुष्ट आणि दुसरी निष्पाप असे काही नाही. दोघेही एकाच पोकळीत उभे आहेत, आणि ती पोकळी कायद्याची आहे.

कायदा कोणासाठी?

भाडेनियंत्रण ही आपल्याकडे युद्धकाळाची देणगी आहे. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, भाडेवाढीला लगाम घालणारा कायदा झाला. नवी दिल्लीत दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, तसाच आदेश निघाला. स्वातंत्र्यानंतर त्यातूनच १९५८ चा दिल्ली भाडेनियंत्रण कायदा आला आणि तो आजही लागू आहे. त्याने जुन्या भाडेकरूंना पिढ्यान्‌पिढ्या संरक्षण दिले. चाँदनी चौक किंवा कॅनॉट प्लेसमधील कित्येक दुकाने अजूनही नाममात्र भाड्यावर चालतात. परंतु १९८८ च्या दुरुस्तीने महिना ३,५०० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या जागा या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. ही मर्यादा त्या काळी श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी होती. आज त्या रकमेत मुखर्जीनगरमध्ये खाटसुद्धा मिळत नाही. अशा रीतीने ज्या भाडेकरूला संरक्षणाची सर्वांत कमी गरज आहे त्याला ते मिळाले आणि ज्याला सर्वांत जास्त आहे तो कायद्याबाहेर राहिला. संसदेने १९९५ मध्ये नवा दिल्ली भाडे कायदा केला, त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण जुन्या भाडेकरूंनी, विशेषतः व्यापाऱ्यांनी, इतका विरोध केला की तो कधी अंमलात आलाच नाही. आपल्या कायद्याच्या इतिहासात संमत होऊनही जन्माला न आलेले जे थोडे कायदे आहेत, त्यांतला हा एक.

मग विद्यार्थ्याला लागू होते ते काय? तो रीतसर भाडेकरू असेल, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यानुसार वेगळा करार नसेल तर महिन्याच्या बोलीवरचे भाडे पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. तो ‘पीजी’ म्हणून, म्हणजे घरमालकाच्या ताब्यातील जागेत नुसत्या परवानगीने राहत असेल, तर १८८२ चाच सुविधाधिकार कायदा. त्यात परवानगी देणारा सामान्यतः ती केव्हाही काढून घेऊ शकतो आणि राहणाऱ्याला सामान हलवण्यापुरता वाजवी अवधी तेवढा मिळतो. एकविसाव्या शतकातला विद्यार्थी व्हाइसरॉय रिपन यांच्या काळातील दोन कायद्यांच्या आधाराने राहतो आहे.

अकरा महिन्यांच्या करारामागचे कारणही जुनेच आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवणे सक्तीचे आहे. मुदत एक महिन्याने कमी ठेवली की नोंदणी नको, मुद्रांकाचा खर्च कमी आणि मालकाच्या मनाची शांती. मूळ हेतू कागदोपत्री खर्च वाचवण्याचा होता. परिणाम असा झाला की देशातील लाखो तरुणांचे वास्तव्य कोणत्याही सरकारी दप्तरात उमटत नाही. या बाबतीत महाराष्ट्राने निराळी वाट धरली. तेथील १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार, मग तो कितीही मुदतीचा असो, लेखी करणे व नोंदवणे सक्तीचे केले आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली. हा नियम सर्वत्र पाळला जातो असे नाही. पण तो आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरण्याची तरतूदही त्यात आहे. दिल्लीत एवढाही आधार नाही.

राज्यसंस्थेची निवडक नजर

राज्यसंस्थेला हा विद्यार्थी अजिबात दिसत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पोलिसांना तो दिसतो. दिल्लीत घरमालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात न देणे हा प्रतिबंधक आदेशाचा भंग ठरतो आणि त्यासाठी खटला होऊ शकतो. करविभागालाही तो दिसतो. खासगी वसतिगृहांच्या भाड्यावर वस्तू व सेवा कर लागतो की नाही, यावर काही काळ वाद चालला. अखेर जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचे आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य करमुक्त करण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पण त्यातून दिसते ते हे, की करासाठी ‘विद्यार्थ्याचे भाड्याचे वास्तव्य’ या गोष्टीची नेमकी व्याख्या करता येते. मग तीच व्याख्या सुरक्षेसाठी आणि हक्कांसाठी का करता येऊ नये?

वीजबिलाच्या बाबतीत हा विरोधाभास आणखी ठळक होतो. दिल्लीत घरगुती विजेच्या पहिल्या २०० युनिटांचा दर ३ रुपये आहे आणि तेवढाच वापर असलेल्या घराला अनुदानामुळे बिल शून्य येते. त्याच घराच्या तिसऱ्या मजल्यावरील विद्यार्थी मात्र मालकाने बसवलेल्या उपमीटरवर युनिटमागे आठ-दहा रुपये मोजतो. भाडेकरूंना स्वतंत्र मीटर घेता यावा म्हणून २०१९ मध्ये राज्य सरकारने योजना काढली. त्यासाठी भाडेकरार किंवा भाड्याची पावती दाखवायची होती. जो कागद मिळत नाही म्हणून तक्रार आहे, तोच कागद उपाय मिळवण्यासाठी मागितला गेला. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही ही गाठ ओळखीची वाटेल. योजना प्रामाणिक असते, पण ज्याच्यासाठी ती असते तोच तिच्या पहिल्या अटीवर अडतो.

या अदृश्यतेची सर्वांत मोठी किंमत मतपेटीजवळ मोजावी लागते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदार होण्यासाठी त्या मतदारसंघात सामान्यतः वास्तव्य असावे लागते. निवडणूक आयोगाच्या सहाव्या क्रमांकाच्या अर्जात पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरूकडून नोंदणीकृत भाडेकरार अपेक्षित असतो. अकरा महिन्यांचा कागद त्यात बसत नाही. पुरावा नसेल तर प्रत्यक्ष चौकशीने नोंद होऊ शकते हे खरे. पण दरवर्षी खोली बदलणारा विद्यार्थी त्या वाटेला जात नाही आणि घरमालकही त्याला उत्तेजन देत नाही. परिणामी अशा गल्लीत प्रत्यक्ष राहणाऱ्यांतले बहुसंख्य लोक तिथले मतदार नसतात. गटार तुंबले, तारा लोंबकळल्या, जिन्यात दिवा नाही, यांपैकी कशासाठीही नगरसेवकाला त्यांच्या मताची भीती नसते. त्याला मते देतात ते घरमालक, आणि बांधकामाचे नियम काटेकोर लावले तर पहिला त्रास होतो तो घरमालकांनाच. नियम का लागू होत नाहीत, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही.

दोन जुलै, एक जून

याचे परिणाम आपण पाहिले आहेत. १५ जून २०२३ रोजी मुखर्जीनगरमधील एका शिकवणीच्या इमारतीला आग लागली आणि मुलेमुली खिडक्यांतून दोरांवर, तारांवर लोंबकळत खाली उतरली. २२ जुलै २०२४ रोजी पटेलनगर भागात पाणी साचलेल्या रस्त्यावर लोखंडी फाटकाला हात लागून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण विजेच्या धक्क्याने गेला. त्यानंतर पाचच दिवसांनी ओल्ड राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी घुसले आणि तिघे विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या तळघराला परवानगी होती ती साठवणुकीची. चालत होती अभ्यासिका. दिल्ली उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने काही दिवस तळघरांना टाळे ठोकले.

या साऱ्या हालचालीत एक साधा प्रश्न मागे पडला. विद्यार्थी त्या तळघरात बसत होते ते का? कारण ज्या खोलीचे ते दहा-बारा हजार भाडे देत होते, तिथे टेबल ठेवायलाही धड जागा नव्हती. खोलीत उजेड नाही, वारा नाही, शांतता नाही, म्हणून महिन्याला वेगळे पैसे भरून अभ्यासिकेत जागा घ्यायची. अभ्यासिकांचा धंदा हा घरटंचाईचाच दुसरा चेहरा आहे. तेव्हा तळघरे बंद करून प्रश्न सुटत नाही. विद्यार्थी दुसऱ्या तळघरात किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली जातात. कोट्यात २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढल्यावर प्रशासनाने वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंगची उपकरणे बसवण्याचा आदेश दिला होता. खोलीतल्या एका वस्तूवर उपाय करून खोलीचा प्रश्न संपल्याचे मानण्याची आपली पद्धत त्यातही दिसली.

‘आपल्यातले’ आणि बाहेरचे

पैसे असले तरी खोली मिळतेच असेही नाही. आडनाव विचारले जाते, मग राज्य, मग खाणे. मुस्लिम विद्यार्थ्याला ‘खोली कालच गेली’ असे सांगितले जाते. ईशान्येकडील मुलींना येण्याजाण्याच्या वेळा आणि कपडे यांवरून ऐकवले जाते. काश्मिरी विद्यार्थ्याला देशात कोठेही काही घडले की सामान बांधून ठेवावे लागते. मुस्लिमांना भाड्याने घरे नाकारली जात असल्याच्या तक्रारींची नोंद २००६ च्या सच्चर समितीने घेतली होती. ईशान्य भारतीयांना महानगरांत येणाऱ्या अडचणींवर २०१४ मध्ये बेझबरुआ समितीने अहवाल दिला. पण कायदा येथेही मूकच आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांतील प्रवेशाबाबत खासगी व्यक्तींनाही भेदभावाला मनाई आहे. राहत्या घराच्या भाड्याचा उल्लेख त्यात नाही. गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच समाजापुरते सभासदत्व ठेवणारी उपविधी वैध ठरवली.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. परदेशातून शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात कोणी जागा देईना. ओळख लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि ओळख उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. उच्च शिक्षण माणसाला सर्व दारे उघडून देते, या समजुतीला त्या प्रसंगाने दिलेले उत्तर अजून खोडले गेलेले नाही.

त्याच काळात वेगळे उत्तर देणारेही होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहण्यास जागा, इमारती आणि अनुदाने दिली. खेड्यातल्या मुलाला शहरात कोणी ठेवून घेत नाही, तोवर मोफत शाळेला अर्थ नाही, हे त्यांना उमगले होते. समाजवार विभागणी त्या काळाची मर्यादा होती. पण राहण्याची सोय हा शिक्षणखर्चाचाच भाग आहे, हे तत्त्व संस्थानाच्या तिजोरीने मान्य केले होते. सव्वाशे वर्षांनंतर कितीतरी मोठ्या तिजोरीच्या प्रजासत्ताकाला ते मान्य करणे अवघड का जावे?

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत; त्यांतले काही तर लिहूनही तयार आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात करार लेखी करून भाडे प्राधिकरणाला कळवणे सक्तीचे आहे, राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको, खोलीत येण्यापूर्वी मालकाने किमान चोवीस तास आधी कळवावे, भांडण झाले म्हणून वीज-पाणी तोडू नये अशा तरतुदी आहेत. मालकालाही मुदत संपल्यावर खोली परत मिळण्याची हमी आहे आणि वादांचा निकाल साठ दिवसांत लावण्याची अपेक्षा आहे. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्येच अशा धर्तीचा कायदा केला. म्हणजे यमुनेपलीकडे नोएडात खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याला जे कागदोपत्री मिळते, ते देशाच्या राजधानीत मिळत नाही. दिल्लीला १९५८ च्या कायद्याला हात लावण्याचे धैर्य होत नसेल, तर जुन्या भाडेकरूंचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ नव्या करारांसाठी तरी वेगळा कायदा करावा.

अर्थात आदर्श मसुदाही पुरेसा नाही. हॉटेल, लॉज, धर्मशाळा अशा जागा त्याने वगळल्या आहेत, आणि त्या वगळणीच्या आडोशाला ‘पीजी’ सहज जाऊन बसेल. त्यासाठी महापालिकेकडे साधी नोंदणी हवी: खोल्या किती, खाटा किती, बाहेर पडायला वाटा किती, वीजजोडणीचा भार किती. ही माहिती इमारतीच्या दारावर लावलेली असावी, म्हणजे ती तपासायला निरीक्षकाची वाट पाहावी लागणार नाही. येणारा बापच ती वाचेल. पोलीस पडताळणीचा अर्ज आणि भाडेकराराची नोंद हे एकाच अर्जाचे दोन भाग असावेत. आज घरमालक पहिला भाग भरतो, कारण तो न भरल्यास शिक्षा आहे. दुसरा भाग त्यालाच जोडला, तर विद्यार्थ्याला संशयिताच्या नोंदीबरोबर रहिवाशाची नोंदही मिळेल, आणि तिच्यावरून वीजमीटर, बँकखाते व मतदारयादी ही तिन्ही दारे उघडतील. भाडे देताना धर्म, जात, प्रांत यांवरून नकार देण्यास मनाईही याच कायद्यात यावी. मालक स्वतः राहतो त्याच घरातल्या एखाद्या खोलीला त्यातून सूट देता येईल. पण वीस-वीस खाटा भाड्याने देणारी इमारत हे कोणाचे खासगी घर नव्हे, तो व्यवसाय आहे.

विद्यापीठांनीही हात झटकू नयेत. प्रवेशसंख्या वाढवण्याची परवानगी देताना वसतिगृहाच्या जागांचा हिशेब मागितला जावा. ते उभे राहीपर्यंत प्रत्येक विद्यापीठात नोंदणीकृत खोल्यांची यादी आणि तक्रार ऐकणारा एक अधिकारी एवढे तरी असावे. महाराष्ट्रातील स्वाधार योजनेप्रमाणे वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या खात्यात निर्वाहाचे पैसे जमा करण्याचा मार्ग इतर राज्यांनीही विचारात घेण्यासारखा आहे. मात्र नोंदणी आणि भेदभावबंदी नसेल, तर ते पैसे दलालाच्या खिशात जायला वेळ लागणार नाही.

यांतील कोणत्याही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही, की मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढीच कबुली, की अठराव्या-विसाव्या वर्षी घर सोडून परक्या शहरात आलेली व्यक्ती त्या शहराची पाहुणी नसून रहिवासी आहे. मुखर्जीनगरच्या खोल्यांतील काही तरुण उद्या जिल्हाधिकारी होतील आणि शहरांचे नियम त्यांच्या सहीने निघतील. बहुसंख्य मात्र होणार नाहीत. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे दहा लाख अर्ज आले आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. कायदा करायचा तो या उरलेल्यांसाठी. दिल्लीच्या विधानसभेने आणि केंद्राने मिळून पुढच्या प्रवेशहंगामाआधी नव्या भाडेकरारांचा कायदा आणावा. विद्यार्थ्यांच्या संघटनांनीही पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पहिला प्रश्न याच कायद्याचा विचारावा.